सामंजस्य करारानंतर काय होतं? मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनांचं सीमेपलीकडचं काम

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून एक फोटो येतो. टेबलावर दोन देशांचे छोटे झेंडे, मधे फायली, दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं आणि खाली ओळ: मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात अमुक आंतरराष्ट्रीय संघटनेशी सामंजस्य करार. ज्याच्या घरात कुणी रात्ररात्र जागं असतं, कुणी गोळ्या सोडून बसलेलं असतं, त्याला तो फोटो पाहून साहजिकच प्रश्न पडतो. या कराराचा आमच्या माणसाशी काय संबंध? लंडनचे डॉक्टर आमच्या तालुक्यात येऊन तपासणार आहेत का?

तपासणार नाहीत. आणि आलेच, तरी त्यांच्या तपासण्याने फार काही साधणार नाही. पण त्या करारातून होऊ शकणारी दुसरी कामं आहेत, आणि ती नीट झाली तर तालुक्याच्या ओपीडीत फरक पडतो. ती कामं कोणती, ती कशी बिघडतात आणि एखादी संघटना सीमेपलीकडे लुडबुड का करते, हे एकेक करून पाहू.

परवाना देणारे वेगळे, धडे ठरवणारे वेगळे

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस झालेला आणि मग मनाच्या आजारांत पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषध लिहून देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात, औषध देत नाहीत. हा लेख पहिल्या गटाच्या संघटनांबद्दल आहे.

अशी संघटना म्हणजे सरकारी परिषद नव्हे. गाडी चालवायचा परवाना आरटीओ देतं, तसा डॉक्टरकीचा परवाना वैद्यकीय परिषद देते. पण घाटात गाडी कशी चालवावी, नवशिक्याला किती दिवस कुणाच्या शेजारी बसवावं, हे जाणत्या चालकांनी ठरवायचं असतं. व्यावसायिक संघटनेचं काम या दुसऱ्या प्रकारचं आहे. अभ्यासक्रम, परीक्षा, उपचारांच्या मार्गदर्शक सूचना, आचारसंहिता आणि नियतकालिकं ही तिची हत्यारं.

उदाहरण म्हणून ब्रिटनचं रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्स घेऊ. नावात कॉलेज असलं तरी तिथे वर्ग भरत नाहीत, ती डॉक्टरांची संघटना आहे. १८४१ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती सुरू केली, १९२६ मध्ये तिला राजसनद मिळाली आणि १९७१ पासून ती आजच्या नावाने चालते. आपलं तिच्याशी जुनं नातं आहे. १९३९ मध्ये तिची भारतीय शाखा निघाली आणि १९४७ च्या जानेवारीत, म्हणजे स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, इंडियन सायकियाट्रिक सोसायटी ही आपली स्वतंत्र संघटना उभी राहिली.

आज लंडनच्या या कॉलेजचे परदेशातले सदस्य सहा विभागांत वाटलेले आहेत आणि त्यातला एक दक्षिण आशियाचा आहे. या सगळ्यांच्या वर वर्ल्ड सायकियाट्रिक असोसिएशन आहे. तिचं सदस्यत्व देशोदेशींच्या संघटनांना मिळतं, एकेकट्या डॉक्टरला नाही. गावोगावचे क्रिकेट क्लब राज्य संघटनेत आणि राज्य संघटना वरच्या मंडळात असतात, तशीच ही उतरंड आहे.

आधी हिशेब समजून घेऊ

भारतात एक लाख लोकसंख्येमागे सुमारे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत, असा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. म्हणजे साधारण एक लाख तेहतीस हजार माणसांमागे एक डॉक्टर. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता. मुलं वगळून ढोबळ हिशेब केला, तर त्या एका डॉक्टरच्या वाट्याला नऊ हजारांच्या आसपास माणसं येतात. प्रत्येकाला महिन्यातून फक्त पंधरा मिनिटं द्यायची म्हटली तरी महिन्याला सव्वादोन हजार तास लागतील. रोज आठ तास आणि महिन्याला पंचवीस दिवस काम करणाऱ्या डॉक्टरकडे दोनशे तास असतात. एकाचं काम अकरा जणांचं आहे. त्यात डॉक्टर मुंबई-पुण्यात जास्त आणि गडचिरोलीत कमी, हा असमतोल धरलेलाच नाही.

सगळ्यांनाच दरमहा तज्ज्ञ लागत नाही, हे खरं. पण बाकीच्यांना बघणारं कुणीतरी हवं. त्याच सर्वेक्षणात उपचार-दरी, म्हणजे आजार आहे पण उपचार मिळत नाहीत अशांचं प्रमाण, आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघालं. म्हणून पंधरा दिवसांसाठी चार परदेशी डॉक्टर येऊन रोज चाळीस रुग्ण तपासून गेले, तरी ते समुद्रात ओंजळभर पाणी. त्यांचा वेळ शिकवण्यात गेला पाहिजे, आणि तोही तिथेच राहणाऱ्या माणसांना शिकवण्यात.

पाच दिवसांत काय शिकवतात आणि कुठे अडतं

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये एमएच-गॅप नावाचा कार्यक्रम सुरू केला आणि २०१० मध्ये त्याची मार्गदर्शिका काढली. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या डॉक्टरने नैराश्य, तीव्र मनोविकार, फिट्स, दारूचं व्यसन, आत्महत्येचा धोका अशा ठरावीक गोष्टी कशा ओळखाव्या आणि हाताळाव्या, याच्या त्यात हो-नाही च्या पायऱ्या दिलेल्या आहेत. मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनांचे स्वयंसेवक परदेशात जातात, तेव्हा बहुतेकदा हेच किंवा याच धर्तीचं प्रशिक्षण देतात. साधारण पाच दिवस, वीस-पंचवीस मेडिकल ऑफिसर, रोज थोडं व्याख्यान आणि बराचसा सराव. एकाने रुग्ण व्हायचं, एकाने डॉक्टर आणि तिसऱ्याने बघून चुका टिपायच्या.

आता एकच औषध जवळून पाहू, म्हणजे अडचण कुठे येते ते कळेल. तीव्र मनोविकारात, म्हणजे कानात आवाज येणं, पक्के चुकीचे संशय येणं अशा आजारात, हॅलोपेरिडॉल हे स्वस्त आणि जुनं औषध देतात. मार्गदर्शिका सांगते, दिवसाला दीड ते तीन मिलिग्रॅमपासून सुरुवात करा. हे सगळ्यांना पाठ होतं. पण पहिल्या काही दिवसांत, विशेषतः तरुण मुलांमध्ये, या औषधाने मान एका बाजूला वळून आखडू शकते, डोळे वर चढतात, जबडा अडकतो. सहसा जीव जात नाही, पण बघणाऱ्याचा जीव घाबरा होतो. घरचे म्हणतात, अंगात आलं. कुणी म्हणतं, डॉक्टरने विष दिलं. गोळ्या गटारात जातात आणि ते कुटुंब पुन्हा आरोग्य केंद्राची पायरी चढत नाही.

यावर उतारा साधा आहे. परदेशी प्रशिक्षकाच्या स्लाइडवर बायपेरिडेन लिहिलेलं असतं, आणि ते आपल्याकडच्या आरोग्य केंद्रात सहसा नसतं. पण उलट्या आणि ॲलर्जीसाठी वापरलं जाणारं प्रोमेथाझीनचं इंजेक्शन बऱ्याच ठिकाणी कपाटात असतं, आणि त्याने साधारण अर्ध्या तासात मान सैल पडते. हे स्थानिक डॉक्टरला माहीत असतं, पाहुण्याला नसतं. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात पाहुणा पहिला दिवस औषध-भांडाराची यादी घेऊन बसतो. कोणतं औषध आहे, कोणतं इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, टाकूनही येत नाही, कोणतं मार्चनंतर संपतं, हे पाहून मग धडा ठरवतो. हा एक दिवस वाचवला, तर उरलेले चार वाया जाण्याची शक्यता मोठी.

दुसरी नेहमीची चूक नैराश्याच्या गोळ्यांची. फ्लुओक्झेटिनने पहिल्या आठवड्यात मळमळ होते, थोडी बेचैनी वाढते. फायदा दिसायला चार-सहा आठवडे लागू शकतात. हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही, तर रुग्ण आठव्या दिवशी गोळी सोडतो, कारण त्याच्या अनुभवाने त्रास वाढलेला असतो आणि गुण शून्य. शिवाय बरं वाटायला लागल्यावरही नऊ ते बारा महिने गोळी चालू ठेवायची असते. इथे डॉक्टरच्या ज्ञानापेक्षा त्याच्या दोन वाक्यांवर सगळं अवलंबून असतं, आणि ती दोन वाक्यं रुग्णाच्या बोलीत यायला हवीत. सरावाचे प्रसंग मराठी मुलखात इंग्रजीत करून घेतले, तर डॉक्टर परीक्षेत पास होतो आणि ओपीडीत गप्प बसतो.

प्रशिक्षणाच्या शेवटी चाचणी घेतात आणि गुण वाढलेले दिसतात. ते वाढतातच. अहवालात तेच छापतात. खरं मोजायचं ते तीन महिन्यांनी, ओपीडीच्या रजिस्टरमध्ये: मानसिक आजाराच्या किती नोंदी झाल्या, त्यातले किती जण दुसऱ्यांदा आले.

विरजण लावायचं, पण भांडं बघत राहायचं

पाहुण्याने वीस जणांना शिकवलं, त्यांनी प्रत्येकी वीस जणांना, म्हणजे चारशे. कागदावर हे छान दिसतं. याला प्रशिक्षकांचं प्रशिक्षण म्हणतात आणि त्याचं काम विरजणासारखं चालतं. चमचाभर दही पुढच्या पातेल्याला पुरतं. पण दूध कडकडीत असेल तर फुटतं, थंडगार असेल तर लागतच नाही, आणि तेच विरजण फार फिरवत राहिलं तर दही आंबट होत जातं. शिकवण्याचंही तसंच होतं. पहिल्या पिढीत पाच दिवसांचा असलेला अभ्यासक्रम दुसऱ्या पिढीत दोन दिवसांचा होतो, तिसऱ्यात एका दुपारचा. सराव सगळ्यात आधी गळतो, कारण त्याला वेळ लागतो. उरतात स्लाइड.

यावर माहीत असलेला उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: देखरेख. सहा-आठ डॉक्टरांचा एक गट, आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक तास, प्रत्येकाने एक अडलेला रुग्ण नाव न सांगता मांडायचा आणि अनुभवी माणसाने सोबत विचार करायचा. फोनवर किंवा व्हिडिओवर हे सहज होतं, फक्त वेळ जुळवावी लागते. लंडनचे संध्याकाळचे पाच म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेदहा. ती वेळ ठेवली तर दुसऱ्या आठवड्यापासून पडदे रिकामे दिसतात. आपली ओपीडी संपल्यावर दुपारी दोनला तिकडे सकाळचे साडेआठ झालेले असतात. दोघांना सोयीची ही एकच फट आहे, आणि ती करारातच लिहून घेतलेली बरी.

पाहुणा डॉक्टर स्वतः औषध लिहून देऊ शकतो का? परदेशात काम करायला त्या देशाची, तात्पुरती का होईना, नोंदणी लागते. ती नसेल तर त्याने स्थानिक डॉक्टरच्या शेजारी बसून मत द्यायचं, सही स्थानिकाची. आमच्या मते नोंदणी असली तरी हीच रीत चांगली, कारण रुग्णाला पुढच्या महिन्यात भेटणारा माणूस तोच असतो.

"शिकवून आपलेच डॉक्टर पळवतात, त्याचं काय?"

हा आक्षेप खरा आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या मानसोपचारतज्ज्ञांमध्ये बाहेर शिकून आलेल्यांचा वाटा मोठा आहे. कॉलेजची सदस्यत्व परीक्षा, म्हणजे दोन लेखी पेपर आणि सोळा छोट्या प्रसंगांची प्रत्यक्ष परीक्षा, ही जगभरातल्या तरुण डॉक्टरांसाठी गुणवत्तेची खूण आहे आणि तिकडे जाण्याची वाटही. एखाद्या जिल्ह्यात मिळून तीन तज्ज्ञ असतील आणि त्यातला एक गेला, तर तिसरा हिस्सा सेवा गेली.

यावर दोन तऱ्हेचे बांध घातलेले आहेत. पहिला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आचारसंहितेचा. आरोग्य कर्मचाऱ्यांची फार टंचाई असलेल्या देशांतून सक्रिय भरती करू नये, असं ती सांगते. २०२३ च्या यादीत असे ५५ देश आहेत. नेपाळ, बांगलादेश आणि पाकिस्तान त्यात आहेत, भारत नाही. दुसरा बांध मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह या योजनेचा. यात परदेशी डॉक्टर जास्तीत जास्त चोवीस महिने ब्रिटनमध्ये पगारी काम करत शिकतो आणि मग व्हिसा संपतो, त्याने परतायचं असतं. मुलांचे मानसिक आजार, वृद्धांचा स्मृतिभ्रंश, व्यसनमुक्ती अशा शाखांचा अनुभव घेऊन तो मायदेशी यावा, हा हेतू.

बांध पुरेसे आहेत का? आमचं मत, नाहीत. आचारसंहिता बंधनकारक नाही, आणि परत आलेल्या डॉक्टरला त्याच्या नव्या कौशल्याची जागा इथे मिळतेच असं नाही. वृद्धांच्या आजारांत तरबेज होऊन आलेला माणूस पुन्हा सगळ्यांच्या सरमिसळ ओपीडीत बसतो आणि वर्षभरात कंटाळतो. करार करणाऱ्या दोन्ही बाजूंनी जाण्याआधीच परतीची खुर्ची ठरवली, तर यातलं बरंच टळेल.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बाहेर गेलेल्यांमुळे तिकडच्या संघटनांच्या आत आपला आवाज पोचला. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. दिनेश भुग्रा २००८ ते २०११ या काळात लंडनच्या कॉलेजचे आणि २०१४ ते २०१७ मध्ये वर्ल्ड सायकियाट्रिक असोसिएशन या जागतिक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्या काळात, २०१६ मध्ये, जागतिक संघटनेने समलैंगिकता हा आजार नाही आणि ती 'बरी करण्याचे' उपचार चुकीचे आहेत, असं स्पष्ट निवेदन काढलं. आपल्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही २०१८ मध्ये समलैंगिकता आजार नसल्याचं जाहीर केलं, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा कलम ३७७ वरचा निकाल आला. 'मुलाला बरं करा' म्हणून आईबाप मुलाला घेऊन येतात, तेव्हा नकार देणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी अशी निवेदनं उभी असतात.

"त्यांचं शास्त्र आपल्या माणसांना कसं लागू पडणार?"

आपल्याकडे 'मला नैराश्य आलंय' म्हणत फार थोडे लोक डॉक्टरकडे येतात. येतात ते 'अंगात त्राण नाही', 'छातीत धडधडतं', 'झोप लागत नाही', 'हातापायाला मुंग्या येतात', 'टेन्शन आहे' म्हणून. झिंबाब्वेत शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे. अर्थ, फार विचार करणं. तिथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून हरारेच्या दवाखान्यांच्या आवारात बाकडी मांडली आणि त्यावर वस्तीतल्या आज्ज्या बसवल्या. त्या 'तुला डिप्रेशन आहे' म्हणत नाहीत. कुफुंगिसिसाबद्दल विचारतात, आणि अडचणींची यादी करून त्यातली एक निवडायला लावतात. २०१६ मध्ये या पद्धतीची शास्त्रीय चाचणी प्रसिद्ध झाली आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा ती सरस ठरली.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं आहे, आणि ते तपशिलात पाहण्यासारखं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'संगाथ' या संस्थेने, परदेशी विद्यापीठांच्या साथीने, दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम नावाचा बोलण्याचा उपचार तपासला. उपचार करणारे डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हत्या. शाळा पूर्ण केलेली गावातली माणसं होती. त्यांना तीन आठवड्यांची कार्यशाळा आणि मग काही महिने देखरेखीखाली काम. रुग्ण निवडायला नऊ प्रश्नांची ठरावीक चाचणी, २७ पैकी १४ पेक्षा जास्त गुण असलेलेच घ्यायचे, म्हणजे नैराश्य बऱ्यापैकी तीव्र. सहा ते आठ भेटी, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास.

उपचाराचं तत्त्व उलट्या बाजूने पकडायचं. आपण म्हणतो, मन लागलं की काम करीन. इथे आधी काम, तेही अगदी छोटं, आणि मन मागून येतं. समजा, एखादी बाई सकाळपासून अंथरुणात असते. तिला 'उत्साही राहा' सांगून उपयोग नाही. पूर्वी तिला काय आवडायचं हे विचारून, मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचला शेजारणीच्या अंगणापर्यंत चालून यायचं, एवढंच ठरवायचं आणि पुढच्या भेटीत काय अडलं ते विचारायचं. भेटींचं ध्वनिमुद्रण होई, आणि आठवड्याला समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या भेटी ऐकून गुण देत. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

आक्षेपाचं उत्तर यातच आहे. शास्त्र लागू पडतं, पण त्याचे शब्द, माणसं आणि वेळा तिथल्या लागतात. आणि हे शिकणं एकाच दिशेने वाहत नाही. कामाची अशी वाटणी कशी करायची, हे आता श्रीमंत देशही हरारे आणि गोव्याकडून शिकू पाहतात, कारण रांगा तिकडेही लांब आहेत. जो करार फक्त 'त्यांनी आपल्याला शिकवावं' असं म्हणतो, तो निम्मा करार आहे.

मदतीने इजाही होते

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत आणि इंडोनेशियात जगभरातून समुपदेशक धावून गेले. त्यातल्या अनेकांना भाषा येत नव्हती. त्या काळी एक पद्धत जोरात होती: आपत्तीनंतर लगेच लोकांना एकत्र बसवून एकाच बैठकीत सगळा प्रसंग तपशीलवार सांगायला लावायचा. अभ्यासांत आढळलं की याने पुढचा आजार टळत नाही, काहींना उलट त्रास होतो. ओली जखम पुन्हा उघडायची आणि पट्टी न बांधता निघून जायचं, तसं ते होतं. २००७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी अशा एकदाच्या बैठकींविरुद्ध सांगितलं. त्याऐवजी आधी सुरक्षित जागा, पाणी, नातेवाइकांचा शोध, शांतपणे ऐकणं, आणि बोलायची सक्ती नाही.

श्रीलंकेने त्यातून दुसराच धडा घेतला, आणि तो फार मोलाचा आहे. आलेला पैसा आणि लक्ष तात्पुरत्या शिबिरांत न संपवता जिल्ह्याजिल्ह्यांत कायमची सेवा उभी केली. त्सुनामीआधी २७ पैकी १० जिल्ह्यांत मानसिक आरोग्यसेवेची यंत्रणा होती, ती पुढे २० जिल्ह्यांत झाली.

संघटनेच्या हातात खरी ताकद कोणती?

सोव्हिएत संघात सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना मनोरुग्ण ठरवून इस्पितळात डांबलं जाई. त्यासाठी 'रेंगाळणारा स्किझोफ्रेनिया' असं निदान वापरत. आवाज येत नसत, भास नसत. समाज सुधारण्याची धडपड हेच लक्षण धरलं जाई. १९७१ मध्ये व्लादिमीर बुकोव्स्की या सरकारविरोधी कार्यकर्त्याने अशा प्रकरणांची सुमारे दीडशे पानांची कागदपत्रं पश्चिमेतल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवली. वर्ल्ड सायकियाट्रिक असोसिएशनने त्या वर्षी मेक्सिकोच्या अधिवेशनात चर्चा टाळली. कीव्हमधले तरुण डॉक्टर सेम्योन ग्लुझमान यांनी सरकारवर टीका केल्याने इस्पितळात डांबलेले जनरल ग्रिगोरेंको हे मनोरुग्ण नाहीत, असा अहवाल कागदपत्रांवरून लिहिला. त्यांना सात वर्षं छावणी आणि तीन वर्षं हद्दपारी मिळाली. जनरल अमेरिकेत पोचल्यावर १९७९ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी त्यांना तपासलं. आजार सापडला नाही.

१९७७ मध्ये हवाईतल्या होनोलुलूच्या अधिवेशनात सोव्हिएत गैरवापराचा निषेध ९० विरुद्ध ८८ मतांनी मंजूर झाला. दोन मतं! त्याच अधिवेशनात 'हवाई जाहीरनामा' ही जागतिक आचारसंहिता स्वीकारली गेली: आजार नसताना कुणावर मानसोपचार लादायचे नाहीत. दबाव वाढवणाऱ्यांत लंडनचं कॉलेज आघाडीवर होतं. त्या निदानामागचे मुख्य शास्त्रज्ञ स्नेझनेव्स्की यांनी १९८० मध्ये कॉलेजचं मानाचं सदस्यत्व सोडलं. १९८३ मध्ये हकालपट्टी समोर दिसताच सोव्हिएत संघटना स्वतःच बाहेर पडली आणि १९८९ मध्ये अथेन्सला, गैरवापर झाल्याची कबुली देऊन, अटींवर परत आली.

'हे राजकारण नव्हे का?' असं तेव्हाही विचारलं गेलं. पण संघटनेकडे ना पोलीस ना पैसा. आमच्यात बसायचं तर हे नियम, एवढंच ती म्हणू शकते. ते ठामपणे म्हणायला तिने १९७१ ते १९८३ अशी बारा वर्षं लावली, हा तिच्यावरचा डाग आहे. तरीही तिने ते म्हटलं, म्हणून आज कुठल्याही देशातला डॉक्टर खोटं निदान लिहायला नकार देताना एका लिखित नियमाकडे बोट दाखवू शकतो.

फोटोखालची बातमी वाचताना

पुढच्या वेळी असा करार छापून आला, तर त्यात आधी देखरेखीचा उल्लेख शोधावा: प्रशिक्षणानंतर किती महिने, कोण, कोणत्या वारी. मग औषधं. शिकवलेल्या गोळ्या आरोग्य केंद्रात येणार याची जबाबदारी कुणाची? प्रशिक्षण मराठीत आहे का, आणि प्रशिक्षित डॉक्टरची वर्षभरात बदली झाली तर त्याच्या जागी येणाऱ्याला कोण शिकवणार? बदली हे आपल्याकडे चांगली प्रशिक्षणं वाया जाण्याचं फार मोठं कारण आहे, आणि करारांत त्यावर ओळही नसते. पत्रकार, ग्रामपंचायत सदस्य, आशाताई, कुणीही हे विचारू शकतं.

ज्यांच्या घरी आजच अडचण आहे, त्यांनी कराराची वाट पाहायची गरज नाही. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते आणि मराठीतही बोलता येतं. फोन लावताना चालू गोळ्यांची चिठ्ठी किंवा रिकामं पाकीट समोर ठेवावं, नाव आणि मिलिग्रॅम वाचून सांगावेत, आणि गोळीने मान आखडली किंवा मळमळ झाली असेल तर तेही सांगावं. त्यावर उपाय असतो.